जहाजाच्या तळाचा लेप



आमची हिंजवडी सह्याद्रीच्या अलीकडची. घाट उतरल्यावाचून येथील मनुष्यास समुद्राचे दर्शन घडत नाही; फार काय, गावाजवळून वाहणाऱ्या मुळेचे पाणीदेखील पश्चिमेच्या समुद्राकडे पाठ फिरवून भीमा आणि कृष्णा यांच्या वाटेने बंगालच्या उपसागरास जाऊन मिळते. अशा गावी राहणाऱ्या एका निवृत्त शाळामास्तराने जहाजाच्या तळास फासावयाच्या रंगावर भाषण करावे, हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. माझ्या शेजारच्या, येथील संगणकनगरीत नोकरीस असलेल्या एका तरुणास तर ते वाटलेच. ‘‘गुरुजी, तुम्ही जहाजात कधी बसला आहात का?’’ असे त्याने मला हसत हसत विचारले. भाऊच्या धक्क्यावरून रेवसपर्यंत लाँचने गेलो आहे, यापलीकडे सांगण्याजोगे माझ्यापाशी काही नव्हते. तेव्हा मीच त्यास उलट प्रश्न केला की, बाबा रे, तुझ्या मेजावरील यंत्राचे सुटे भाग, तुझ्या मोटारीतील पेट्रोल ज्या खनिज तेलापासून निघते ते तेल, आणि तुझ्या आईच्या कढईतील पामतेल, ही सारी मंडळी घाट चढून तुझ्या घरी आली ती मुळात कशावर बसून आली? न्हावाशेव्याच्या बंदरातून निघालेले पोलादी पेटारे आमच्या गावाशेजारच्या महामार्गावरून रात्रंदिवस धावत असतात, ते त्याने पाहिलेले होते. तो विचारात पडला. त्याला त्या दिवशी जे सांगितले, तेच आज थोडे विस्ताराने आपणांस सांगावयाचे आहे.

आरंभ अगदी साध्या अनुभवापासून करू. पुष्कळ वर्षांपूर्वी मी शाळेतील मुलांची सहल घेऊन हरिहरेश्वरास गेलो होतो. ओहोटीच्या वेळी खडकावरून उतरताना एक मुलगा घसरला आणि त्याच्या गुडघ्याची सालटी निघाली. खडकास लहान लहान पांढुरक्या शंकूंचा जणू काही खवला बसला होता. त्याच्या कडा किसणीसारख्या तीक्ष्ण. मुले त्यास दगडाचाच भाग समजत होती. मी एका डबक्यातील पाण्याखालचा खडक त्यांना दाखविला. थोडा वेळ स्तब्ध राहून पाहताच त्या शंकूंची तोंडे उघडली आणि आतून पिसाऱ्यासारखे बारीक पाय बाहेर येऊन पाणी चाळू लागले. हा प्राणी म्हणजे बार्नेकल. दिसावयास शिंपल्यासारखा, परंतु जातीने तो खेकडा आणि कोळंबी यांचा भाऊबंद आहे. लहानपणी तो पाण्यात पोहतो, जागा शोधतो आणि ती पसंत पडली म्हणजे डोके टेकवून आपल्याच अंगच्या सिमेंटाने तेथे कायमचा चिकटतो. त्यानंतर जन्मभर शीर्षासन करून पायांनी घास तोंडात लोटावयाचा, हा त्याचा संसार. उत्क्रांतिवादाचा जनक डार्विन याने आपल्या आयुष्यातील आठ वर्षे या क्षुद्र दिसणाऱ्या जीवाच्या अभ्यासात घालविली, यावरून त्याची योग्यता कळून येईल.

आता या प्राण्यास खडक काय आणि जहाज काय, सारखेच. कोणताही नवा पृष्ठभाग समुद्रात बुडाला की काही मिनिटांतच पाण्यातील सेंद्रिय द्रव्यांचा एक अदृश्य पापुद्रा त्यावर बसतो. काही तासांत जीवाणू येतात आणि बुळबुळीत साय धरते. तिच्यात सूक्ष्म शेवाळ वाढते. आणि मग दिवसा-दोन दिवसांत, आठवड्यांत, बार्नेकलची पिले, नळीत राहणाऱ्या अळ्या, शिंपले, हिरवे शेवाळ अशी वस्ती उभी राहते. गावठाणाला लागून वस्ती कशी वाढते, हे हिंजवडीच्या लोकांस निराळे सांगावयास नको!

या वस्तीचे भाडे जहाजास भरावे लागते. गुळगुळीत तळ पाणी कापीत जातो, खरबरीत तळास पाणी धरून ठेवते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या पुढाकाराने अलीकडे जो अभ्यास झाला, त्यातील एकच आकडा सांगतो. तळाच्या अर्ध्या भागावर अवघ्या अर्ध्या मिलिमीटर जाडीची साय बसली, तरी जहाजाच्या धुराड्यातून बाहेर पडणारे, हवा तापविणारे वायू शेकडा २५ ते ३० इतके वाढू शकतात. अर्धा मिलिमीटर म्हणजे आपल्या बोटाच्या नखाची जाडी. बार्नेकलचे पीक आले म्हणजे काय होत असेल, याचा तर्क करावा. वेग तोच राखावयाचा तर इंधन अधिक जाळावयाचे. आणि ते न जाळावे तर माल उशिरा पोचावयाचा. यास्तव जहाजाचा तळ स्वच्छ ठेवणे ही नुसती टापटिपीची बाब नव्हे.

आमच्या कोकणच्या दर्यावर्दी लोकांस हे शास्त्र फार जुने. अरबी समुद्रात फिरणाऱ्या लाकडी गलबतांच्या तळास चुना आणि चरबी किंवा तेल यांचा दाट लेप देण्याची चाल होती. काजूच्या टरफलातून निघणारे ते काळे, कातडी भाजणारे तेल लाकडास पाजून त्यास कीड लागू न देण्याची युक्तीही कोकणात सर्वांस ठाऊक आहे. परंतु खरा उपाय लेपात नव्हता. तो भरती-ओहोटीत आणि पावसाळ्यात होता. गलबत भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत चढवावयाचे, ओहोटी लागून तळ उघडा पडला की तो खरवडून, शेकून, पुन्हा लेप द्यावयाचा. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे आंग्र्यांची जी गोदी आहे, तिची रचना याच तत्त्वावर आहे. आणि ज्येष्ठात दर्या खवळला म्हणजे होड्या व मचवे किनाऱ्यावर ओढून ठेवावयाचे ते नारळी पौर्णिमेपर्यंत. त्या दोन-अडीच महिन्यांत उन्हापावसाने तळावरची सारी वस्ती आपोआप मरून जाई. मोठी गलबते खाडीत आतवर नेऊन ठेवली, तरी पावसाळ्याचे गोडे पाणी तेच काम करी. कारण खाऱ्या पाण्यातले हे जीव गोड्या पाण्यात तग धरीत नाहीत. यात विषाचा एक थेंबही नव्हता. खर्च होता तो वेळेचा आणि श्रमाचा.

बारमाही फिरणाऱ्या व्यापारी आणि लढाऊ जहाजांस मात्र इतका वेळ काढणे परवडेना. तेव्हा तांब्याचा पत्रा आला. इंग्रजांच्या ‘अलार्म’ नावाच्या युद्धनौकेच्या लाकडी तळास १७६१ साली प्रयोगादाखल तांब्याचा पत्रा ठोकला आणि तिला वेस्ट इंडीजच्या उबदार पाण्यात धाडले. परत आल्यावर पाहतात तो पत्र्यास शेवाळ-शिंपले नाममात्र, लाकूड पोखरणाऱ्या किडीचा मागमूस नाही. मात्र पत्रा ज्या लोखंडी खिळ्यांनी ठोकला होता ते खाऱ्या पाण्यात तांब्याच्या सहवासाने गंजून झडलेले. खिळ्यांचा दोष पुढे दूर झाला आणि तांबे सर्वत्र रूढ झाले. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी सागवानाची जी नामांकित जहाजे बांधली, त्यांचा काळ हाच. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली १८१७ साली पाण्यात उतरलेली ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे पाहावयास मिळते. लाकूड सागवानी, म्हणून ते दोनशे वर्षे टिकले.

येथे मला आपणांस एका फजितीची हकीकत सांगितलीच पाहिजे. कारण माझ्या मते या साऱ्या विषयाची गुरुकिल्ली तिच्यात आहे. तांब्याचा पत्रा समुद्रात हळूहळू विरघळतो आणि काही वर्षांनी बदलावा लागतो. हा खर्च वाचावा म्हणून इंग्रजी नौदलाने त्या काळचे अग्रगण्य रसायनशास्त्रज्ञ सर हंफ्री डेव्ही यांस पाचारण केले. डेव्हींनी १८२४ साली उपाय काढला तो अत्यंत बुद्धिमत्तेचा होता. तांब्यास जस्ताचा किंवा बिडाचा एक लहानसा तुकडा जोडून द्यावयाचा. म्हणजे समुद्र त्या तुकड्यास खातो आणि तांबे शाबूत राहते. प्रयोगशाळेत तो शंभर नंबरी ठरला. त्यांच्या हाताखाली मायकेल फॅरडे यांच्यासारखा साहाय्यक होता. जहाजांना तुकडे बसविले, तांबे खरोखरच झिजेनासे झाले. आणि थोड्याच अवधीत त्या अभंग तांब्यावर शेवाळ आणि बार्नेकल यांचे रान माजले! जहाजे जाग्यावरून हलेनात. अखेर नौदलाने ते तुकडे काढून टाकविले. झाले होते असे की, तांबे विरघळत होते म्हणूनच तळ स्वच्छ राहत होता. पत्र्यातून सुटणारे तांब्याचे कण हेच त्या जीवांचे विष. झीज थांबविली, त्यासरशी संरक्षणही थांबले. वर्गात मी ही गोष्ट नेहमी सांगत असे, आणि चांगल्या वर्गात कोणी तरी एक मुलगा हमखास विचारी, ‘‘मग गुरुजी, ते विरघळलेले तांबे जाते कोठे?’’

पुढील दीडशे वर्षे हा प्रश्न पुष्कळांनी विचारलाच नाही. जहाजे लोखंडाची आणि पोलादाची झाली. लोखंडावर तांबे ठोकता येत नाही, लोखंडच गंजते. म्हणून तांब्याचे भस्म रंगात कालवून तो रंग फासू लागले. काही रंगांत पारा, काहींत सोमलही असे. हे रंग वर्षा-दोन वर्षांत निकामी होत. १९६० नंतर मात्र कथिलापासून बनविलेले एक द्रव्य पुढे आले. त्याचे रासायनिक नाव ट्रायब्यूटिलटिन. आपण त्यास सोयीसाठी कथिलविष म्हणू. हे विष रंगाच्या राळेतच रासायनिक बंधाने गुंफण्याची युक्ती १९७० नंतरच्या दशकात साधली. समुद्राच्या पाण्याने रंगाचा वरचा पापुद्रा साबणाच्या वडीप्रमाणे अगदी समप्रमाणात झिजे, प्रत्येक झिजेबरोबर थोडे विष सुटे आणि खालून ताजा, गुळगुळीत पृष्ठभाग वर येई. एकदा रंगविलेले जहाज पाच वर्षे गोदीत आणावयास नको. जहाजमालकांस कल्पवृक्ष सापडला असे वाटले तर त्यांस दोष देता येत नाही. इंधन वाचले, धूर कमी झाला, गोदीचे पैसे वाचले.

प्रथम तक्रार केली ती फ्रान्सातील कालवांनी. आर्काशोंच्या उपसागरात कालवांची मोठी शेती चालते आणि त्याच पाण्यात हौशी लोकांच्या नौका नांगरलेल्या असतात. १९७५ नंतरच्या काही वर्षांत तेथे कालवांचे बी धरेना आणि धरलेल्या कालवांची शिंपली वेडीवाकडी, जाडजूड वाढू लागली. शोध करता करता बोट कथिलविषावर आले आणि १९८२ साली फ्रान्सने पंचवीस मीटरांहून लहान नौकांना हा रंग लावण्यास मनाई केली. इकडे इंग्लंडात प्लिमथच्या किनाऱ्यावरील एका गोगलगाईच्या माद्यांना नराची इंद्रिये फुटत आहेत, असे १९७० च्या सुमारास दिसून आले होते. अंडी बाहेर येण्याची वाटच बुजून जाई, माद्या वांझ होत आणि कित्येक ठिकाणी ती जातच नाहीशी झाली. याचे कारण तेच विष, हे सिद्ध व्हावयास आणखी पंधरा-एक वर्षे लागली. मात्रा किती? एक लिटर पाण्यात एका ग्रॅमचा अब्जावा भाग. एवढ्या मात्रेने त्या जीवाचा वंश बुडू लागतो.

कोणी म्हणेल, फ्रान्स-इंग्लंडच्या गोगलगाईंचे आम्हांस काय? तर आपल्याच किनाऱ्याकडे वळू. गोव्यात दोनापावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे; तिची स्थापना १९६६ साली झाली. तेथील विश्वकिरण आणि अनिल या संशोधकांनी १९९९ साली एका सागरी गोगलगाईविषयी निबंध प्रसिद्ध केला. त्या जातीचे शास्त्रीय नाव ‘क्रोनिया कोंकणेन्सिस’. नावातच कोकण आहे. तिच्या माद्यांत तीच विकृती त्यांना आढळली. पुढे त्याच संस्थेतील भोसले आणि त्यांचे सहकारी यांनी पश्चिम किनाऱ्यावरील पाणी, गाळ, तळावरची साय आणि प्राणी तपासले, तेव्हा त्या सर्वांत कथिलविषाचे अंश सापडले. हा निबंध २००४ सालचा. कोकणच्या गोगलगाईने एकही जहाज बांधले नव्हते, एकाही जहाजाचे भाडे खाल्ले नव्हते. पण वाचलेल्या इंधनाचे बिल तिच्या नावे फाटले.

मला या ठिकाणी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राची आठवण होते. त्यात आरमारावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. आरमारास लाकूड लागते, हे अमात्य पूर्ण जाणतात. तरी रयतेच्या आंब्या-फणसासारख्या झाडांस तिच्या राजीखुशीवाचून हात लावू नये, अशी ताकीद ते देतात. लेकरासारखे वाढविलेले झाड तोडल्यावर रयतेच्या दुःखास पार राहत नाही, असा त्यांचा अभिप्राय. राज्यास आरमार हवे, पण त्याचे मोल भलत्याच्या अंगणातून वसूल करू नये, हा त्यातील न्याय. लाकडाची जहाजे गेली, पोलादाची आली. परंतु ओहोटीच्या वेळी गुडघाभर चिखलात उभ्या राहून कालवे आणि तिसऱ्या वेचणाऱ्या बायका आजही आमच्या खाड्यांत आहेत. खाडीच्या गाळात जे मुरते ते प्रथम त्यांच्या टोपलीत येते. त्यांच्याकडे पाहून मला हा न्याय जुना झाला आहे असे वाटत नाही.

असो. जगातील राष्ट्रांनी अखेर २००१ सालच्या ऑक्टोबरात लंडन येथे करार केला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून तो अमलात येऊन जहाजांवर कथिलविषाचा रंग निषिद्ध झाला. तेव्हा उत्पादक पुन्हा तांब्याकडे वळले. आज जगातील बहुसंख्य जहाजांच्या तळावर तांब्याच्या भस्माचाच रंग आहे. एकट्या तांब्यास शेवाळ दाद देत नाही, म्हणून त्याच्या जोडीस तणनाशके घातली. त्यांपैकी सायब्युट्रिन नावाचे एक तणनाशक समुद्रातील निरुपद्रवी वनस्पतींनाही मारते असे आढळले आणि १ जानेवारी २०२३ पासून तेही त्याच कराराखाली बंद झाले. एक विष गेले, दुसरे आले. दुसरे गेले, तिसरे येऊ पाहते.

तर मग विषावाचून तळ स्वच्छ ठेवता येईल काय? डेव्हींच्या फजितीने जो नियम शिकविला, तो मोडता येईल काय? आजच्या संशोधनाचा सारा रोख या प्रश्नावर आहे.

एक मार्ग निसरडेपणाचा. सिलिकोन नावाचे रबरासारखे द्रव्य तळावर बसवितात. त्यावर बार्नेकल चिकटतो. पण तव्यावर तेल सुटल्यावर धिरडे जसे उलथन्याच्या एका धक्क्याने सुटते, तसा पाण्याच्या झोताने तो सुटून जातो. या लेपातून मारक विष सुटत नाही. १९९० नंतरच्या दशकापासून हे लेप बाजारात आहेत आणि जलद धावणाऱ्या मालवाहू जहाजांवर त्यांचा चांगला अनुभव आहे. दुसरा मार्ग मला फार गमतीचा वाटतो. कुत्र्या-मांजरांना शांत करण्यासाठी पशुवैद्य मेडेटोमिडिन नावाचे गुंगीचे औषध देतात. स्वीडनमधील संशोधकांना असे आढळले की, बार्नेकलच्या पिलावर त्याचा परिणाम अगदी उलट होतो. जागा शोधीत आलेले पिलू या औषधाचा लेश लागताच जोरजोराने पाय झाडू लागते आणि पोहत दूर निघून जाते. ते मरत नाही. औषध उतरले की पूर्ववत होते. रंगात या द्रव्याची अल्प मात्रा घालण्यास युरोपात परवानगी मिळालेली आहे. तिसरे लोक शार्क माशाच्या कातडीकडे पाहतात. देवमाशाच्या अंगावर बार्नेकल बसतात, शार्कवर बसत नाहीत. कारण त्याच्या कातडीवर बारीक खवल्यांच्या रांगा असतात. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठातील ब्रेनन यांनी तशीच सूक्ष्म नक्षी कृत्रिम पृष्ठभागावर उठवून पाहिली आणि शेवाळाची बीजे तिच्यावर पुष्कळ कमी बसतात असे दाखविले. याखेरीज समुद्रातील स्पंज, जे स्वतः जन्मभर एका जागी बसूनही अंगावर कोणास बसू देत नाहीत, त्यांच्या अंगरसाचा शोध ठिकठिकाणी चालू आहे.

हे सर्व ऐकून प्रश्न सुटला असे आपणांस वाटेल. मला तसे वाटत नाही. निसरडा लेप काम करतो तो जहाज वेगाने चालत असेल तोवर. धक्क्याची वाट पाहत आठ-आठ दिवस नांगरून पडलेले जहाज, गस्तीवरून येऊन महिनाभर गोदीत उभी असलेली युद्धनौका, सावकाश फिरणारी मच्छीमार नौका, यांच्या तळावरून बार्नेकल कोण झाडणार? शिवाय तो लेप महाग आणि मऊ. नांगराची साखळी घासली तरी ओरखडा पडतो आणि त्या ओरखड्यात वस्ती सुरू होते. औषधाने बार्नेकल पळतो, परंतु शेवाळ पळत नाही; म्हणजे जोडीस दुसरे काही तरी आलेच. आणि सर्वांत मोठी अडचण आपल्या पाण्याची. उत्तर युरोपातील थंड समुद्रात हिवाळ्यात ही पैदास जवळजवळ थांबते. मुंबईच्या उबदार, गाळाने भरलेल्या पाण्यात ती वर्षभर चालू असते. तिकडे पाच वर्षे टिकलेला रंग येथे तितकाच टिकेल, असे गृहीत धरणे म्हणजे महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी जतेत लावण्यासारखे आहे.

मग विषही नको आणि महागडा लेपही नको. मधून मधून पाणबुड्या पाठवून तळ खरवडून घ्यावा, असे कोणी सुचवील. जुन्या गलबतांचे तेच होत नव्हते काय? होते, पण ते गलबत आपल्याच किनाऱ्यावरून आलेले असे. आजच्या जहाजाच्या तळावर सातासमुद्रांपलीकडचे प्रवासी असतात. विशाखापट्टणमच्या बंदरात १९६७ साली एक परका शिंपला सापडला. त्याचे शास्त्रीय नाव ‘मिटिलॉप्सिस सॅलेई’. अंगाने इंचभराचा, काळपट पट्ट्यांचा. मूळचा अमेरिकेच्या कॅरिबियन समुद्राकडचा. पुढे तो मुंबईतही दिसला. करंदे आणि मेनन यांनी १९७५ साली भारतीय बंदरांत नव्याने येऊन वसलेला परदेशी म्हणून त्याची नोंद केली. हा शिंपला इतका दाट वाढतो की त्याच्याखाली स्थानिक जीवांस श्वास घ्यावयासही जागा उरत नाही. तो जहाजाच्या अंगाला चिकटून आला असावा असाच शास्त्रज्ञांचा तर्क आहे. तेव्हा तळ खरवडून निघालेला जिवंत कचरा बंदरात तसाच सोडला, तर आपण पाहुण्याला दारापर्यंत नव्हे, माजघरापर्यंत पोचविले असे होईल. खरवडलेला कचरा शोषून जहाजावर गोळा करणारी यंत्रे निघाली आहेत, तेवढीच वापरावीत. आणि विषाचा रंग लावलेला तळ घासणे तर सर्वथैव वर्ज्य; त्याने पाच वर्षांचे विष एका दुपारी पाण्यात उतरते.

यावरून माझे मत असे झाले आहे की, रंगाच्या डब्यावर ‘पर्यावरणस्नेही’ अशी मुद्रा पाहून आपण संतुष्ट होऊ नये. कथिलविषाच्या रंगाने इंधन वाचत होते, धूर कमी होत होता. आजचा कोणताही जाहिरातदार तेवढ्यावर त्यास ती मुद्रा देऊन मोकळा झाला असता. रंगातून सुटलेले कोठे जाते, हा त्या वर्गातल्या मुलाचा प्रश्न आधी विचारावा. आणि त्याचे उत्तर मागावे ते दूरच्या थंड समुद्रातील प्रयोगावरून नव्हे, तर आपल्या बंदरातील प्रयोगावरून.

सुदैवाने तशी सोय आपल्या प्रांतात आहे. नौदलाच्या मुंबईतील गोदीत १९५३ साली रसायन आणि धातुविज्ञान यांची एक प्रयोगशाळा निघाली. आज ती अंबरनाथ येथे नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा या नावाने चालते आणि जहाजांचे संरक्षक लेप हा तिच्या कामाचा एक मोठा भाग आहे. दोनापावल्याच्या संस्थेचा उल्लेख वर आलाच. या कामाची पद्धत ऐकून पुष्कळांची निराशा होईल. निरनिराळे लेप दिलेल्या, पाटीएवढ्या फळ्या तराफ्यास बांधून समुद्रात सोडावयाच्या आणि ठराविक मुदतीने वर काढून त्यांवर कोण कोण, किती किती बसले, ते मोजावयाचे. दसऱ्यास सोडलेली फळी आणि होळीस सोडलेली फळी एकच उत्तर देत नाही. पावसाळ्यातील खाडीचे गोडे पाणी तिसरेच काही सांगते. म्हणून एका लेपाचा निकाल लागावयास कित्येक वर्षे जातात. घाई करण्याजोगे हे काम नव्हे, आणि पैसा देणाऱ्यास मात्र नेहमी घाई असते.

माझ्या शेजारच्या त्या तरुणाचे काम, पृष्ठभागावरून पाणी कसे वाहते याचे गणित संगणकावर मांडण्याचे आहे, हे मला त्या दिवशी प्रथमच कळले. मोटारीच्या पंपासाठी तो ते मांडतो. जहाजाच्या तळावर बार्नेकल असता आणि नसता पाण्याची ओढ किती बदलते, हे त्याच गणिताने काढता येईल, असे तो म्हणाला. आणि बार्नेकलची उंची किती धरावी, असे त्याने मला विचारले. मी त्यास हरिहरेश्वराचा रस्ता सांगितला. ताम्हिणी घाटाने गेल्यास सकाळी निघून दुपारच्या ओहोटीस तेथे पोचता येते; फक्त पंचांगात तिथी पाहून निघावे, आणि पायांत जाड तळव्याच्या वहाणा असाव्यात.